तिथी बघून चाला: केळशी ते दाभोळ, किनाऱ्याने चार दिवस

पुण्यात ट्रेक म्हटलं की माणूस वर बघतो. सिंहगड, राजगड, तोरणा. किती चढायचं आणि किती वेळात, एवढाच हिशोब. किनाऱ्याने चालायचं ठरवलं तेव्हा आम्हीही तोच हिशोब केला. चढ नाही, म्हणजे सोपं. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या होत्या, चौघांनी आणखी एकेक रजा टाकली आणि केळशीहून दक्षिणेकडे निघालो. त्या दिवशी अष्टमी होती. हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी अष्टमीचा आणि चालण्याचा काय संबंध, असंच आम्ही म्हटलं असतं.

उटंबरच्या डोंगराखाली पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ज्या खडकांवरून जायचं ते पाण्यात होते. तासभर थांबलो, पाणी फारसं हललं नाही. मग करवंदीच्या जाळीतून हातपाय ओरबाडून घेत वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट पठारावर, चढलो. भर दुपारी, सावलीचा एक ठिपका नसलेल्या कातळावर, बाटल्या रिकाम्या. वाडीत पोचल्यावर ओसरीवर बसलेल्या आजोबांनी पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, आणि तांब्या परत घेताना एवढंच म्हणाले, “अष्टमीला कोण जातो खडकातून?”

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. नंतर हीच वाट मी तिथी बघून चाललो, आणि तेच खडक सकाळी साडेआठला कोरडे होते.

वाट कोणती

केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णे, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. सगळी गावं रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातली. सरळ रेषेत अंतर पस्तीसेक किलोमीटर भरेल, पण किनारा सरळ नाही. वळसे धरून पन्नासच्या आसपास चालणं होतं. आखलेली पायवाट नाही, बाण रंगवलेले नाहीत, तिकीट नाही.

कोकणच्या या खलाटीचा, म्हणजे किनारपट्टीचा, साचा एकदा समजला की नकाशा निम्मा पाठ होतो. आधी पुळण, म्हणजे वाळूचा सपाट किनारा. पुळणीच्या टोकाला समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. त्याच्या पायथ्याशी काळे खडक आणि माथ्यावर जांभ्याचा सडा. नाक ओलांडलं की पुन्हा पुळण. मधेच एखादी नदी येऊन मिळते, तिथे खाडी, खाडीच्या आत चिखल आणि तिवरांची झाडी. पुळण, नाक, पुळण, खाडी, नाक, असंच दाभोळपर्यंत. पुळणीवर चालायला अक्कल लागत नाही. सगळा प्रश्न नाकाचा आणि खाडीचा.

दक्षिणेकडेच का जायचं? दुपारनंतर वारा साधारणपणे समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने येतो, तो पाठीवर राहतो. हिवाळ्यातलं ऊन मात्र तोंडावर येतं, म्हणून टोपीला पुढे चांगली रुंद झडप हवी. वाऱ्याविरुद्ध वाळू खात जाण्यापेक्षा मला हे परवडतं.

भरती-ओहोटीचं गणित

इथे घाई करू नका. बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात. आणि चंद्रामुळे हे सगळं चक्र रोज पाऊण तासाहून थोडं जास्त, साधारण पन्नास मिनिटं, पुढे सरकतं. आज आठला असलेली ओहोटी उद्या पावणेनऊच्या पुढेच.

यावरून किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनला आणि रात्री त्याच सुमाराला पाणी भरलेलं. सव्वासहा तास मागे जा, सकाळी आठला ओहोटी. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि ओहोटी थेट दुपारी सव्वाबाराला. आमची आठ वाजताची फजिती इथे उलगडते. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायच्या, सव्वाअकरा येतात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच.

हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी हर्णे किंवा जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाईलवर बघाच. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी असे तक्ते काढतो. तरीही ठोकताळा डोक्यात असावा, कारण नाकाखाली मोबाईलला रेंज नसते आणि तिथी मात्र बॅटरी संपली तरी बदलत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढतं-उतरतं ती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण; भरती खूप वर येते, पण ओहोटीला पाणी तितकंच लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही कित्येक खडक उघडे पडत नाहीत. म्हणजे आम्ही वेळही चुकीची निवडली होती आणि पाणीही.

आता चार दिवस निवडू. सकाळी गारव्यात चालायचं, दुपारच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि नाकं ओहोटीत ओलांडायची. ओहोटी सकाळी आठ ते साडेदहाच्या मधे हवी. उलटं गणित करा: तृतीयेला आठ, चतुर्थीला पावणेनऊ, पंचमीला साडेनऊ, षष्ठीला सव्वादहा. तृतीया ते षष्ठी, हेच चार दिवस. उधाण नुकतंच होऊन गेलेलं असल्यामुळे पाणीही भरपूर मागे गेलेलं असतं. मी कृष्ण पक्ष निवडतो. पहाटे निघताना पश्चिमेला चंद्र असतो, बॅटरी फारशी लागत नाही.

हे चार दिवस शनिवार-रविवारी बसतील याची खात्री नाही, बहुधा बसणार नाहीत. रजेचा अर्ज पंचांग बघून करावा लागतो. माझ्या साहेबांना हे कारण मी अजून खरं सांगितलेलं नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सड्यावर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. पावसाळ्यात हा विषयच नको. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात खलाशी जात नाही त्याच्या काठच्या शेवाळलेल्या खडकांवर आपण कशाला जायचं?

तयारी आणि सामान

चढाईला गुडघे लागतात, किनाऱ्याला घोटे. पर्वतीच्या पायऱ्या रोज चढून दम वाढेल, पण त्याने घोटे तयार होत नाहीत. त्यापेक्षा वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या खडबडीत, सुट्या दगडांच्या वाटेने महिनाभर, आठवड्यातून तीन दिवस तासभर चाला. शेवटचे दोन आठवडे पाठीवर पिशवी घेऊन. आणि सलग दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर एकदा तरी चालून बघा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, दुसऱ्या सकाळी कळतं.

तंबू नको. रोज रात्री गाव आहे, गावात घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे. पुळणीवर तंबू ठोकण्याची हौस मला कळते, पण रात्रीची भरती कुठवर येते हे नवख्याला कळत नाही. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासविणी याच किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. माणसं, उजेड, आवाज दिसला की मागे फिरतात. तंबू नसला की पिशवी सात-आठ किलोत बसते, आणि खडकांवर हलकी पिशवी हाच अर्धा तोल.

बुटांबद्दल मतभेद आहेत. माझं मत: खडकांसाठी घोट्याच्या खालपर्यंतचे, मऊ रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट, पुळणीसाठी आणि पाण्यासाठी मागे पट्टा असलेले सँडल. उंच कातडी बूट आणू नका, एकदा खारं पाणी शिरलं की चार दिवस वाळत नाहीत. अनवाणी पुळणीवर खुशाल चाला, खडकांवर कधीच नाही. कालवांच्या धारेने पाऊल असं चिरतं की ट्रेक तिथेच संपतो.

बाकी: पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लवकर वाळणारे कपडे, टोपी, गळ्याला पंचा (पुसायला, भिजवून डोक्याला गुंडाळायला, बसायला, सगळ्याला तोच), प्रत्येकी चार लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, मीठ-साखर किंवा ओआरएसच्या पुड्या, मजबूत शिट्टी, बॅटरी, पॉवर बँक, दहा-पंधरा मीटर दोरी, हलकी काठी. सगळं सामान आतून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. बोहरी आळीत मिळणारी साधी जाड पिशवी महागड्या पिशवीइतकंच काम करते, मात्र तोंड दोनदा पिळून बांधायचं.

जायचं कसं

सुरुवात एका गावात आणि शेवट दुसऱ्या गावात, त्यामुळे स्वतःची गाडी म्हणजे डोक्याला ताप. स्वारगेटहून दापोलीला एसटीने जा आणि तिथून केळशीची गाडी धरा. परत येताना दाभोळहून दापोली आणि पुणे. गाडीच न्यायची असेल तर दापोलीत ठेवा. द्वितीयेच्या संध्याकाळपर्यंत केळशीत पोचायचं, हे ध्येय ठेवा.

त्या संध्याकाळी दोन कामं. एक, महालक्ष्मीचं दर्शन आणि खाडीजवळची वाळूची टेकडी बघणं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या टेकडीतले थर तपासून तिचा संबंध जुन्या त्सुनामीशी जोडला आहे. समुद्र किती वर येऊ शकतो याचा अंदाज यायला वेळापत्रकापेक्षा हा ढिगारा जास्त उपयोगी. दुसरं काम महत्त्वाचं: गावातल्या एखाद्या मासेमाराला गाठून उद्या किती वाजता सुकती (ओहोटी) लागेल आणि उटंबरच्या खालून वाट मोकळी आहे का, हे विचारणं. “काका, उद्या तीज ना?” असं सुरू केलंत की माणूस खुलतो. “टाइड किती वाजता?” असं विचारलंत तर हॉटेल कुठे आहे ते सांगतो.

पहिला दिवस, तृतीया: केळशी ते आंजर्ले

साडेपाचला उठा, सहाला चालू लागा. केळशीची पुळण लांब आहे. ओल्या, घट्ट वाळूवर चाला, कोरड्या भुसभुशीत वाळूत दुप्पट दम जातो. एक गोष्ट लगेच जाणवेल: पुळण समुद्राकडे उतरती असते आणि तुमच्या उजव्या हाताला समुद्र आहे, म्हणजे उजवा पाय दिवसभर डाव्यापेक्षा खाली. संध्याकाळी कंबर एका बाजूने दुखते ती यामुळे. पाण्याच्या अगदी कडेला वाळू जास्त सपाट असते, तिथून चाला.

पुळण संपली की उटंबरचं नाक. आता निर्णय: खालून की वरून? माझा नियम असा आहे. ओहोटीच्या पूर्ण वेळेआधी दीड-दोन तास नाकात शिरायचं आणि ओहोटीची वेळ होईपर्यंत पलीकडची वाळू पायाखाली आली पाहिजे. घड्याळात ओहोटीची वेळ झाली आणि पलीकडची पुळण अजून दिसत नाही, तर मागे फिरायचं. चर्चा नाही. पाणी उतरत असताना चुकलात तर वेळ तुमच्या बाजूने असते, चढत असताना चुकलात तर विरुद्ध.

भरती लागल्यावरचा पहिला तास फार फसवा असतो, कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा हिस्से धरा. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन आणि एक. समजा एकूण चढ २.४ मीटर असेल, तर पहिल्या तासात फक्त २० सेंटिमीटर. माणूस म्हणतो, काही विशेष नाही, डबा उघडू. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १२० सेंटिमीटर, म्हणजे छातीपर्यंत. डबा पुळणीवर उघडा.

खडकांवर पाय कुठे ठेवायचा हे रंगावरून कळतं. पांढुरके, खरखरीत, बारीक शिंपल्यांनी भरलेले खडक पकड देतात. हिरवे म्हणजे शेवाळ, टाळा. काळे आणि चकचकीत सगळ्यात वाईट, ते कोरडे दिसतात आणि नसतात. वरून पडलेला जांभ्याचा धोंडा हलतो का ते वजन टाकण्याआधी काठीने बघा. उडी मारू नका. तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हे डोंगरात शिकलेलं इथेही चालतं. लाटांकडे पाठ कधी करू नका. लहान लाटांच्या मधेच एखादी मोठी येते, आणि ती वाट बघत नाही.

वरून जायचं ठरलं तर पाखाडी शोधा. वाडीत विचारलं की दगडी पायऱ्यांची वाट दाखवतात. आंब्याच्या बागेतून, गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण) ओलांडून जाऊ नका. एक तर ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे, आणि दुसरं म्हणजे गडग्याच्या दगडांत फुरसं असतं. हा साप वीतभर-हातभर, दगडाच्या रंगाचा, आणि विषारी. दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठी आपटायची. चावलाच तर दोऱ्या बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८.

नाकानंतर आडे. भार्गवरामाच्या देवळात सावली आहे, तिथे पाठ टेका. खाडी चालत ओलांडायच्या फंदात न पडता रस्त्याने वळसा घ्या आणि पाडल्याची पुळण धरून आंजर्ल्यात उतरा. दुपारी एकच्या आत. तृतीयेची भरती मोठी असते, सव्वादोनला अरुंद पुळणींवर वाळू उरतच नाही.

दुसरा दिवस, चतुर्थी: आंजर्ले ते मुरूड

हा दिवस मुद्दाम छोटा. कृष्ण पक्ष धरला असेल तर आज संकष्टी, आणि तुम्ही आंजर्ल्यात, म्हणजे पहाटे कड्यावरच्या गणपतीला जाणं ओघानेच आलं. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देवळाच्या गच्चीवरून खाली आजची अख्खी वाट दिसते: आंजर्ल्याची पुळण, खाडी, हर्णे बंदर, पाण्यात सुवर्णदुर्ग. गावची श्रद्धा अशी की देऊळ आधी किनाऱ्यावर होतं, समुद्र वर सरकला तेव्हा देव स्वतः कड्यावर गेला. जाताना टेकलेलं पाऊल वाटेत दाखवतात. भरती बघून आधीच वर जाणारा देव मला फार व्यवहारी वाटतो.

आमच्यातल्या एकाचा संकष्टीचा कडक उपास. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराला. दिवसभर चालून साबुदाण्याच्या खिचडीवर राहिला, आणि संध्याकाळी हर्ण्याच्या लिलावात समोर सुरमई, पापलेट, कोळंबीच्या टोपल्या. त्याची चूक, पंचांगाची नव्हे.

जोग नदीच्या खाडीवर पूल आहे, पूर्वी इथे तरीने जावं लागे. पुलावरून हर्ण्यात या. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला जमिनीवर, सुवर्णदुर्ग होडीने. समुद्र शांत असेल तर नाखवा नेतो, नाही म्हणाला तर आग्रह करू नका. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या आरमाराने हा किल्ला घेतला तो पेशव्यांशी संधान बांधून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. पुणेकराने बंदरावर हा विषय स्वतःहून काढू नये.

मुक्काम मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे इथे वाढले. सार्वजनिक परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्याला पायी गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षकांनी परत पाठवलं. दोन दिवसांच्या चालण्याने पाय दुखतायत असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो. आता मित्र माझ्या आधीच सांगून टाकतात.

आगरांतून फिरताना माडांच्या मधे मोकळ्या जागा दिसतील. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने या गावांतली नारळी-पोफळी आडवी केली. जुन्या वर्णनांत ‘गर्द सावलीतून वाट’ असं वाचून आला असाल तर टोपी घालाच.

तिसरा दिवस, पंचमी: मुरूड ते बुरोंडी

ओहोटी साडेनऊला, म्हणून सातला निघालात तरी चालेल. मुरूडहून कर्द्याची पुळण सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच गर्दीची. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, घोडे, वाळूत पळवलेल्या गाड्या. पटकन पुढे व्हा.

पोहायचा मोह इथे होतो. पाणी उतरत असताना पोहू नका, किनाऱ्यावरचा कुणीही हेच सांगेल. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा गप्प आहे, तो पट्टा सुरक्षित वाटतो. नेमकं तिथूनच पाणी आत ओढतं. अडकलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका, आडवे, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ सुटली की बाहेर या. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. काटा लागलाच तर जखम धुवून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, वेदना उतरते. मग डॉक्टर.

कर्दे आणि लाडघरच्या मधलं नाक या वाटेवरचं मला सगळ्यात आवडलेलं. उटंबरपेक्षा खडक मोठे, मधल्या डबक्यांत खेकडे, आणि चढउतार करायला दोन-तीन जागी हात वापरावे लागतात. पहिल्या दिवशी जमलं असेल तर हेही जमेल. पिशवी एकमेकांकडे द्या, घालून चढू नका. पलीकडे लाडघरचा तांबूस किनारा, तामसतीर्थ. लाटेबरोबर लाल गोटे वाजत राहतात.

बुरोंडीला परशुरामाचा मोठा पुतळा टेकडीवर आहे. दुपारी कुळथाचं पिठलं-भात किंवा मासे, आणि सोलकढी. जेवणाचं आदल्या रात्री फोन करून सांगा. चार परक्या माणसांचं जेवण अचानक कुठून निघणार? दुपारी बारा ते चार चालू नका. एरवी दुकानांवर दिसणारी पाटी इथे सूर्याने लावलेली असते.

चौथा दिवस, षष्ठी: बुरोंडी ते दाभोळ

सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी माणसांचा दिवस. दमला असाल तर याचे दोन करा, कोळथऱ्याला मुक्काम घ्या. कोळेश्वराचं देऊळ, शांत पुळण, आणि एक दिवस जास्त. मला तेच बरं वाटतं.

एका दिवसात करायचं असेल तर पहाटे पाचला, बॅटरी लावून, रस्त्याने सुरुवात करा आणि कोळथऱ्याच्या अलीकडचा खडकाळ भाग सव्वादहाच्या ओहोटीच्या आत संपवा. फेब्रुवारीत आलात तर वाळूत जाळीने घेरलेली जागा दिसेल, ती कासवांच्या अंड्यांची. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. जाळीजवळून बॅटरी दाखवत जाऊ नका.

कोळथऱ्याच्या पुढे मी खालून जात नाही. भरती लागलेली असते, नाकं लांबलचक, आणि अडकल्यावर वर चढायला जागा कमी. सड्यावरून, गावरस्त्यांनी जा. सड्यावर पाणी नाही, म्हणून कोळथऱ्यात चारही लिटर भरून घ्या. वाळलेल्या गवतात काडी ओढू नका. पंचनदीच्या बाजूला खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन, आहे. जवळचा रस्ता म्हणून त्यातून जाण्याची कल्पना कुणाला तरी सुचतेच. चिखलात गुडघ्यापर्यंत गेलात तर पाय सरळ वर खेचू नका, दुसरा आणखी आत जातो. मागे बसते व्हा, वजन पसरा, पाय थोडा हलवून कडेने पाणी शिरू द्या आणि हळू काढा. सँडल आत राहिली तर राहू द्या.

खाडीचं मुख चालत ओलांडण्याचं धाडस कुठल्याच दिवशी नको. मांडीपर्यंतच पाणी दिसतं, पण ओहोटीत ते समुद्राकडे ओढत असतं.

दाभोळला उतरता उतरता वाशिष्ठीचं रुंद मुख आणि पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्प दिसतो. ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचलेला तो हाच, आणि तो दाभोळात नाहीच, खाडीच्या पलीकडे गुहागर तालुक्यात आहे. वेळ असेल तर चंडिकेचं भुयारातलं देऊळ आणि बंदराजवळची जुनी मशीद बघा. आणखी रजा उरली असेल तर फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरकडे चालता येतं.

फोनमध्ये आधीच भरून ठेवायचे क्रमांक तीन: ११२, १०८, आणि तटरक्षक दलाचा १५५४. कुठल्या गावातून निघालो आणि कुठे पोचणार, हे रोज सकाळी घरी एका माणसाला कळवा, आणि संध्याकाळी पोचल्यावरही. फक्त सकाळी कळवून विसरलात तर रात्री घरचे जागे राहतात. हेही आम्ही करून बघितलं आहे.

दापोलीची एसटी सुटायला वेळ असेल तर दाभोळातच एखाद्या नळावर बूट आणि सँडल गोड्या पाण्याने धुवा, आणि घरी पोचल्यावर पुन्हा एकदा. पिशवीच्या चेनीसुद्धा. मी एकदा आळस केला. आठवड्याने चेन हातात आली आणि बुटाचा तळवा सिंहगडाच्या दुसऱ्या वळणावर निघाला.